‘भूक न लागण्याचा आजार’ असे छापू नका

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या शनिवारच्या पुरवणीत किशोरवयीन मुलांच्या खाण्याशी निगडित आजारांवर लेख आला. हा विषय आपण घेतलात याबद्दल मनापासून आभार. त्या लेखात एका आजाराचे नाव तीन तऱ्हांनी छापले आहे. शीर्षकात ‘ॲनोरेक्झिया’, मजकुरात ‘एनोरेक्सिया’ आणि चौकटीत ‘अनोरेक्शिया’. मी ३१ वर्षे मुद्रितशोधक म्हणून काम केले, त्यामुळे ही तीन रूपे नजरेतून सुटणे शक्य नव्हते. त्यांच्याविषयी पुढे लिहितोच. पण पत्र लिहायला बसलो तो चौकटीत त्या नावापुढे दिलेल्या अर्थामुळे. तिथे छापले आहे, ‘भूक न लागण्याचा आजार’.

हाच अर्थ ११ वर्षांपूर्वी मी शब्दकोशात वाचला होता. त्यावर विश्वास ठेवला आणि माझ्या मुलीच्या उपचाराचे आठ महिने हातचे गेले.

ती तेव्हा सोळा वर्षांची होती. ताटातले ताटातच राहू लागले, कपडे अंगावर लोंबू लागले, तेव्हा आम्ही तिला एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी नीट तपासले, रक्त तपासायला पाठवले, त्यात काही निघाले नाही. त्यांनी कागदावर लक्षणे लिहिली, त्यात पहिलाच शब्द होता ‘ॲनोरेक्सिया’. डॉक्टरांचे अक्षर मला लागले, कारण जन्मभर दुसऱ्यांची हस्तलिखितेच वाचत आलो होतो. घरी येऊन कोश काढला. ‘भूक न लागणे, क्षुधानाश, अरुची.’ कोश मिटला आणि मला हायसे वाटले. दुखण्याला नाव मिळाले होते, नावाला अर्थ मिळाला होता. भूक लागत नाही ना, मग लागेल असे काहीतरी करू.

डॉक्टरांनी चुकीचे काही लिहिले नव्हते. वैद्यकात हा शब्द दोन जागी येतो. नुसता ‘ॲनोरेक्सिया’ म्हणजे एक लक्षण. तापात, काविळीत, कर्करोगात माणसाची खाण्याची इच्छा जाते, ते. आणि ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ म्हणजे एक स्वतंत्र मानसिक आजार, ज्यात वजन वाढण्याची भीती माणसाचा ताबा घेते आणि आपण आहोत त्यापेक्षा जाड आहोत असे त्याला खरोखर वाटत राहते. कागदावर पहिला अर्थ होता आणि मुलीला झाला होता दुसरा आजार. या शब्दाला पुढे आणखी एक शब्द जोडतात आणि जोडल्यावर सगळेच बदलते, हे मला ठाऊक नव्हते. कोशातही ते नव्हते.

मग भूक वाढवण्याचे औषध सुरू झाले. सकाळ-संध्याकाळ मी स्वतः चमचा भरून तिच्या पुढे धरीत असे. माझी आई तेव्हा हयात होती. ती म्हणायची, ‘‘पोरीची अन्नावरची वासनाच उडाली रे.’’ आम्ही सगळेच तसे समजून चाललो होतो. खरे तर त्या समजुतीशी न जुळणारे बरेच काही डोळ्यांपुढे घडत होते. मुलगी घरातल्या सगळ्यांसाठी हौसेने स्वयंपाक करायची, वाढायची, कुणी किती खाल्ले ते बघायची आणि आपण काहीतरी निमित्त सांगून उठायची. आपल्याच दैनिकाच्या पुरवणीत येणाऱ्या पाककृती ती कापून वहीत चिकटवायची. दोन वह्या भरल्या होत्या. जिची अन्नावरची वासना उडाली ती हे कशाला करील, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पान ३ वर एक आणि पान ४० वर त्याच्या उलट लिहिलेले असले, तर ते पकडण्याचाच मला पगार मिळत होता. घरातली ही विसंगती मात्र मला दिसली नाही, कारण कोशातला अर्थ डोक्यात पक्का बसला होता.

आठव्या महिन्यात ती आंघोळीला गेली असताना चक्कर येऊन पडली. रुग्णालयात दाखल केले, तिथून आम्हाला एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे पाठवले. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवले आणि मुलीला पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘तुला भूक लागते का गं?’’

आठ महिन्यांत हे तिला कुणीच विचारले नव्हते. आम्ही ‘भूक का लागत नाही’ एवढेच विचारत आलो होतो. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘लागते.’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘सारखी लागते.’’

तिच्या आईने माझा हात घट्ट धरला. बाई आम्हाला म्हणाल्या, ‘‘हिची भूक गेलेली नाही. ही दिवसरात्र भुकेशी झगडतेय, आणि दमलीय.’’ बरे झाल्यावर पुष्कळ दिवसांनी मुलीने मला त्या औषधाविषयी सांगितले, ‘‘बाबा, ते घेतलं की भूक आणखी वाढायची. मग मला तिच्याशी आणखी जोरात भांडायला लागायचं. तुम्ही चमचा घेऊन आलात की मला तुमची भीती वाटायची.’’ हे वाक्य मी विसरू शकत नाही. कोशातल्या एका नोंदीच्या भरवशावर मी माझ्या मुलीच्या शत्रूच्या बाजूने उभा राहिलो होतो.

तेव्हापासून हा शब्द मी सोडलेला नाही. जे मिळेल ते वाचले, ग्रीक मुळापर्यंत गेलो. आपल्या वाचकांपुढे ते ठेवतो, कारण अर्थातला गोंधळ कुठून आला हे त्यावरून कळते.

मूळ शब्दाचे दोन तुकडे आहेत. ‘अन्’ आणि ‘ओरेक्सिस’. यातला ‘अन्’ आपला सख्खा आहे. संस्कृतात स्वराने सुरू होणाऱ्या शब्दाला नकार जोडायचा तर ‘अन्’ लागतो. अन् अधिक एक, अनेक. अन् अधिक उचित, अनुचित. ग्रीकमध्येही तोच नियम आणि तोच उपसर्ग आहे. ‘ओरेक्सिस’ म्हणजे इच्छा, ओढ. ॲरिस्टॉटलने तो शब्द केवळ भुकेसाठी नव्हे, तर माणसाच्या सगळ्याच इच्छांसाठी वापरला आहे. तो आला ‘ओरेगो’ या क्रियापदापासून, ज्याचा अर्थ हात पुढे करणे, एखाद्या वस्तूकडे झेपावणे. भाषाशास्त्रज्ञ याचे मूळ ज्या धातूकडे नेतात, त्यातूनच आपला ‘ऋजु’, म्हणजे सरळ, हा शब्द आला. सरळ पुढे केलेला हात, अशी ही कल्पना. तेव्हा ‘ॲनोरेक्सिया’ची शब्दशः फोड केली तर ती होते अन् अधिक इच्छा, अनिच्छा. माझी आई शाळेत फार शिकलेली नव्हती, पण ‘अन्नावरची वासना उडाली’ हे तिचे बोलणे म्हणजे त्या ग्रीक शब्दाचा नेमका मराठी अर्थ होता. कोशकारांपेक्षाही नेमका, कारण वासना म्हणजे इच्छा, आणि ‘ओरेक्सिस’ही तेच.

शब्दाचा अर्थ बरोबर होता. आजाराला तो शब्दच चुकीचा लागला होता.

हे कसे झाले त्याचा इतिहास फार जुना नाही. आजाराचे वर्णन जुने आहे. रिचर्ड मॉर्टन या इंग्रज वैद्याने १६८९ साली क्षयाविषयीच्या आपल्या ग्रंथात दोन रुग्णांची हकीकत लिहिली आहे, एक मुलगी १८ वर्षांची आणि एक मुलगा १६ वर्षांचा. दोघेही झिजत चाललेले, पण ताप नाही, खोकला नाही. कारण मनात आहे असे त्याने ओळखले. पण आजचे नाव आले १८७३ साली. त्या वर्षी एप्रिलमध्ये पॅरिसच्या चार्ल्स लासेग यांनी या आजारावर निबंध प्रसिद्ध केला आणि ऑक्टोबरमध्ये लंडनच्या सर विल्यम गल यांनी क्लिनिकल सोसायटीपुढे आपला निबंध वाचला. गल यांनी पाच वर्षांपूर्वी या दुखण्याला पचन बिघडल्याचे नाव दिले होते. पण रुग्णांनी खाल्लेले पचते हे त्यांच्या लक्षात आले आणि ते नाव त्यांनी स्वतःच मागे घेतले. नवे नाव ठेवले ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’, मज्जासंस्थेशी म्हणजे मनाशी संबंधित अनिच्छा. बिघाड पोटात नसून मनात आहे हे त्यांनी बरोबर हेरले. मात्र त्या बिघाडामुळे भूक जाते असेही त्यांनी मानले, आणि ते नावात कायमचे बसून राहिले. आजचे मानसोपचारतज्ज्ञ सांगतात की बहुतेक रुग्णांची भूक शाबूत असते. खरोखर भूक मरते ती आजार फार वाढल्यावर. जर्मन भाषेने म्हणूनच वेगळी वाट धरली. तिथे या आजाराला ‘मागरझुख्ट’ म्हणतात. ‘मागर’ म्हणजे कृश, ‘झुख्ट’ म्हणजे व्यसन. कृश होण्याचे व्यसन. त्या नावात भुकेचा उल्लेखच नाही. तो कोश माझ्या हाती आधी आला असता तर, असे मला अनेकदा वाटते.

लासेग यांच्या निबंधातली एक गोष्ट मी बाप म्हणून वाचली आणि थांबलो. रुग्णाच्या घरच्यांविषयी ते लिहितात की त्यांच्याकडे दोनच उपाय असतात आणि ते दोन्ही वापरून संपवतात, विनवण्या आणि धमक्या. दीडशे वर्षांपूर्वीच्या पॅरिसमधल्या त्या घरात आम्हीच बसलो होतो.

भूक उपासाने मरत नाही, याचा पुरावाही आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेने आले होते. त्यांना वजनाची भीती नव्हती, आरशाची भीती नव्हती. तरीही काही आठवड्यांत त्यांच्या डोक्यात खाण्याखेरीज काही उरले नाही. ते अन्नाची स्वप्ने पाहू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले, आणि पाककृतींची पुस्तके जमवू लागले. ते वाचले त्या दिवशी मी मुलीच्या त्या दोन वह्या पुन्हा काढून पाहिल्या. ती लहर नव्हती, ढोंग तर नव्हतेच. उपाशी मेंदूची ती हाक होती.

आता ‘नर्व्होसा’विषयी. आपल्या लेखात सर्वत्र ‘मुलींमध्ये आढळणारा आजार’ असे आहे. १८७३ साली अशा दुखण्यांना ‘हिस्टेरिया’ हे नाव जोडण्याची रीत होती, आणि ‘हिस्टेरा’ म्हणजे ग्रीकमध्ये गर्भाशय. लासेग यांनी तेच नाव वापरले. गल यांनी ते नाकारले आणि ‘नर्व्होसा’ निवडले. हा आजार पुरुषांनाही होतो, असे त्याचे कारण त्यांनी निबंधातच दिले आहे. म्हणजे मुलगेही यात आहेत हे या नावातच लिहिलेले आहे. तरीही अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या निदान-निकषांत मासिक पाळी थांबण्याची अट होती, ती २०१३ मध्ये वगळली गेली. मुलीच्या उपचारांच्या काळात प्रतीक्षाकक्षात एक मुलगा वडिलांबरोबर येत असे. त्याचे वडील मला म्हणाले होते, ‘‘आम्हाला दीड वर्ष कुणी सांगितलंच नाही, कारण हा मुलगा आहे.’’ आपल्या पुढच्या लेखात ‘मुलींमध्ये’ऐवजी ‘मुलामुलींमध्ये’ एवढा बदल केलात तरी असा एखादा बाप लवकर जागा होईल.

आता लेखनाकडे येतो. इंग्रजीतल्या ‘एक्स’चा उच्चार कधी ‘टॅक्सी’तल्यासारखा होतो, कधी ‘एक्झॅम’मधल्यासारखा. या शब्दात तो ‘टॅक्सी’तला आहे, मुळातले ग्रीक अक्षरही ‘क्सी’च. म्हणून ‘क्झि’ नको, ‘क्शि’ही नको, ‘क्सि’ हवे. सुरुवातीचा उच्चार ‘ॲक्टर’मधल्या ‘ॲ’चा आहे, तिथे ‘ए’ लिहिणे ही हिंदीची पद्धत, मराठीत ‘ॲ’ असताना तिची गरज नाही. दुसऱ्या शब्दात ‘नर्व्हस’प्रमाणे ‘व्हो’. तेव्हा ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’. मला हे रूप सर्वांत योग्य वाटते. पण आपल्याला दुसरे योग्य वाटत असेल तर ते घ्या, फक्त एकच घ्या आणि आपल्या शैलीपुस्तिकेत नोंदवून ठेवा.

हा माझ्या व्यवसायाचा हट्ट नाही. आईबाप आता कोश उघडत नाहीत, मोबाइलवर शब्द टाकून शोधतात. तुमच्या लेखातले रूप पाहून टाकतात. तीन रूपे असली की तीन वेगळ्या ठिकाणी पोचतात, कधी कुठेच पोचत नाहीत. आणखी एक गोष्ट मुलीने मला दाखवली. ‘ॲ’ हे अक्षर संगणकावर दोन प्रकारे उमटवता येते. एक, त्याचे स्वतंत्र अक्षर; दुसरे, आधी ‘अ’ आणि मग त्याच्या डोक्यावर वेगळी चंद्राची खूण. कागदावर दोन्ही हुबेहूब सारखी. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि एकाचा शोध घेतला तर दुसरा सापडेलच असे नाही. माझ्या ३१ वर्षांच्या नजरेला हा फरक कधीच दिसला नसता. आपल्या तंत्रविभागाने एकदा याकडे पाहावे.

विशेषणाचेही तसेच. ‘ॲनोरेक्सिक मुलगी’ असे आपल्या लेखात चार वेळा आले आहे. माझी मुलगी त्या आजारात होती, ती आजार नव्हती. ‘ॲनोरेक्सिया असलेली मुलगी’ लिहायला एक शब्द जास्त लागतो, पण स्तंभात तेवढी जागा असते. आणि त्याच दिवशीच्या मनोरंजनाच्या पानावर एका अभिनेत्रीच्या बांध्याला हेच विशेषण लावले आहे, तेही कौतुकाने की टीकेने ते कळत नाही. मानसिक आजारांपैकी ज्यांत सर्वाधिक रुग्ण दगावतात, त्यांत हा आजार मोडतो. कुणाच्या बांध्याचे वर्णन करायला त्याचे नाव वापरू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. इंग्रजीत ‘ॲनोरेक्टिक’ असे आणखी एक रूप आहे. ते भूक मारणाऱ्या औषधांनाही लावतात, म्हणून मराठीत ते आणूच नये.

लेखात दुसरा आजार आला आहे, ‘बुलेमिया’ असा छापून. इथे ‘ले’ नाही, ‘लि’ आहे. ‘बुलिमिया’ किंवा ‘ब्युलिमिया’, इंग्रजीत दोन्ही उच्चार रूढ आहेत. ‘बूस’ म्हणजे बैल आणि ‘लिमोस’ म्हणजे भूक, दुष्काळ. बैलाची भूक. हा ‘बूस’ आपल्या ‘गो’ या शब्दाचा भाऊ आहे. शब्द फार जुना. झेनोफन या ग्रीक सेनानीने इसवी सनापूर्वी ४०१-४०० च्या हिवाळ्यातली एक हकीकत लिहून ठेवली आहे. बर्फातून माघार घेत असताना त्याचे सैनिक वाटेत कोसळू लागले. त्यांना काय होतेय ते त्याला कळेना. एका जाणत्या माणसाने सांगितले, यांना बुलिमिया झालाय, काही खायला द्या, उठतील. झेनोफनने ओझ्याच्या जनावरांवर जे खाण्याजोगे सापडले ते वाटायला लावले, आणि माणसे उठून चालू लागली. तिथे तो शब्द उपासमारीने आलेल्या ग्लानीचा होता. आजच्या अर्थाचा ‘बुलिमिया नर्व्होसा’ हे नाव लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली दिले. यात माणूस एका बैठकीत स्वतःवरचा ताबा सुटून खातो आणि मग शरमेने व भीतीने ते खाणे पुसून टाकायला धडपडतो. वजन बहुधा सर्वसाधारणच असते, त्यामुळे शेजारी झोपणाऱ्या माणसालाही पत्ता लागत नाही.

आपल्या लेखात याला कंसात ‘भस्म्या’ म्हटले आहे. तसे म्हणू नये. आयुर्वेदातला भस्मक हा खाल्लेले सगळे भस्म करणाऱ्या जठराग्नीचा विकार आहे, आणि बोलीत ‘भस्म्या झालाय का तुला’ हे आपण कुणाला म्हणतो ते सांगायला नको. चोरून खाणारी आणि त्याबद्दल स्वतःचा तिरस्कार करणारी मुलगी ते वाचेल, तर आपले दुखणे कुणालाच सांगणार नाही. तिला आधीपासून हेच वाटत असते की आपण अधाशी आहोत, आजारी नाही.

मग मराठीत काय लिहावे, असे आपण विचाराल. ‘क्षुधानाश’ हा शब्द लक्षणासाठी ठीक आहे, ‘अरुची’ही ठीक आहे. आजारासाठी मात्र नकोत. मी पुष्कळ प्रतिशब्द करून पाहिले आणि मुलीला दाखवले. तिने सगळे बाजूला सारले आणि म्हणाली, ‘‘नाव आहे तेच राहू दे बाबा, फक्त पुढे खरं लिहा. भूक असते, पण खायची भीती वाटते.’’ तिच्या या वाक्यात मला बदलण्यासारखे काही सापडलेले नाही.

तिची प्रकृती आता चांगली आहे. तीन वर्षे लागली. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात जी कुटुंबाला धरून चालणारी पद्धत आकाराला आली, तीच बाईंनी वापरली. त्यात आधी आईबापांना शिकवतात की मुलगी वेगळी आणि आजार वेगळा. ताटावर बसून रडते, ओरडते, अन्न लपवते तो आजार, आणि त्याच्या मागे आपली मुलगी अडकलेली आहे. प्रत्येक जेवणाला आम्ही दोघांपैकी एक जण तिच्याशेजारी बसत असू, कधी दोन-दोन तास. विनवण्या नाहीत, धमक्या नाहीत. ‘‘तुला भीती वाटतेय ते कळतंय. मी इथेच आहे. पुढचा घास घे.’’ एवढेच. हे करता आले, कारण आम्हाला आजाराचा खरा अर्थ कळला होता. भूक नाही असे समजत होतो तोवर ताटापुढे बसून करण्यासारखे आमच्याकडे काही नव्हते. भीती आहे हे कळल्यावर मात्र करण्यासारखे पुष्कळ होते. भ्यालेल्या लेकराजवळ बसणे कुठल्याही आईबापाला जमते.

हे पत्र तिने वाचले आहे आणि तिच्या संमतीनेच पाठवत आहे. पहिल्या मसुद्यात मी तिचे त्या काळातले वजन लिहिले होते, वाचकांना गांभीर्य कळावे म्हणून. तिने तो आकडा पेन्सिलने खोडला. म्हणाली, ‘‘मी आजारी असताना पेपरात असा आकडा वाचला की मला वाटायचं, ही माझ्यापेक्षा पुढे आहे.’’ आपल्या लेखात असे तीन आकडे आहेत आणि एका मुलीचे ‘आधी’चे व ‘नंतर’चे छायाचित्र आहे. पुढच्या वेळी ते नसावेत.

पुढील शनिवारी त्याच पुरवणीत, त्याच पानावर, पुढील दुरुस्ती छापावी ही विनंती. मजकूर मी तयार करून दिला आहे, म्हणजे कार्यालयात कुणाला त्रास नको.

‘दुरुस्ती : गेल्या अंकातील लेखात ॲनोरेक्सिया नर्व्होसा या आजाराचा अर्थ “भूक न लागण्याचा आजार” असा दिला होता. तो बरोबर नाही. या आजारात भूक लागते, पण वजन वाढण्याच्या तीव्र भीतीमुळे खाता येत नाही. हा आजार मुलींप्रमाणे मुलांनाही होतो. घरातील मुलाचे किंवा मुलीचे खाणे कमी झाले असेल, तर भूक लागते का, हे त्यांना विचारावे, आणि मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला लवकर घ्यावा.’

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक
(मुलीसाठी नाव व पत्ता छापू नये ही विनंती.)